अकरा तासांची अमेरिका

पुण्याहून अमेरिका अकरा तासांवर आहे असं आमच्या घरात सगळ्यांनी मान्य केलं होतं. सगळ्यांनी म्हणजे सासूबाईंनी, धाकट्या दिरांनी आणि मी. हे शिकागोला होते, त्यांना कुणी विचारलंच नाही. त्यांचा फोन आला तेव्हा ते एवढंच म्हणाले, "मुंबईहून सकाळी सातला विमान सुटतं, लंडनला दुसऱ्यात बसायचं, आणि संध्याकाळी सहाला तू इथं. त्याच दिवशी, बरं का." आणि फोन कट झाला. संदीप भावजी, म्हणजे माझे दीर, बी.कॉम. झालेले. त्यांनी बोटांवर मोजलं. सात ते सहा, अकरा तास.

सासूबाई म्हणाल्या, "अकराच? आपल्या नंदाला नागपूरला पोचायला ट्रॅव्हल्सनं सोळा तास लागतात."

समोरच्या वहिनी दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "म्हणजे लेकीपेक्षा सून जवळ राहणार तुमची."

"ती आत्ताही जवळच आहे," सासूबाई म्हणाल्या. "फरक काय पडला."

मी शिकागोला वर्षभर राहून परत आले तर सोसायटीतल्या सगळ्या जणी मागे लागल्या, लिही, आम्ही काही जाणार नाही, निदान वाचू तरी. मी दहावीला इंग्रजीत गेलेली, मला लिहायचं म्हटलं की आधी पेनच सापडत नाही. पण तिथलं वर्षभराचं नाही लिहिता आलं तरी जायच्या दिवसाचं मला सगळं आठवतं, कारण तो दिवस संपतच नव्हता.

बिबवेवाडी

तेव्हा आमच्या गल्लीत दर तिसऱ्या घरात कुणीतरी कॉम्प्युटर शिकत होतं. यांनी डिप्लोमा केला, मग संध्याकाळचे क्लास केले, आणि कंपनीनं एकदम अमेरिकेलाच पाठवलं. मला तेव्हा सहावा महिना होता. सहा महिन्यांसाठी म्हणून गेले आणि तिथलेच झाले. सई नऊ महिन्यांची झाली तेव्हा कंपनीनं आमची तिकिटं पाठवली, आणि कॅलेंडर उघडून बघते तर जायच्या दिवशी संकष्टी.

आता संकष्टी दर महिन्याला येते, त्यात काय एवढं, असं वाटेल. पण ही माझी एकविसावी होती. सईच्या आधी एक मूल पोटातच गेलं माझं. त्यानंतर मी खूप दिवस बोलत नव्हते, तेव्हा सासूबाईंनी मला सारसबागेतल्या गणपतीला नेलं आणि नवस बोलायला लावला, एकवीस संकष्ट्या करीन, चंद्र उगवल्याशिवाय अन्न घेणार नाही. तिसऱ्या संकष्टीनंतर दिवस राहिले. सगळं गरोदरपण, बाळंतपण, एकही चुकवली नाही. आणि सासूबाईंचा नियम असा की मध्ये मोडली तर पहिल्यापासून. पण मला पहिल्यापासून करायची भीती नव्हती. मला भीती होती ती सईची. हे मी कुणाला बोलले नाही. ज्याच्यासाठी नवस केला त्याचंच काही झालं तर, असं मनात यायचं आणि मी लगेच दुसरं काहीतरी काम काढायची.

तिकीट बदलून मागा असं कंपनीला कोण सांगणार. सासूबाईंनी चष्मा लावून बघितलं, चंद्रोदय साडेआठ. "सहाला पोचतेस. अंघोळ कर, आरती कर, साडेआठला चंद्र बघून जेव. उलट अडीच तास रिकामे आहेत तुला." सगळ्यांना बरं वाटलं. गणपतीनंच वेळ जुळवून आणली म्हणाल्या.

वाटेसाठी त्यांनी पिशवी भरली. साबुदाण्याची खिचडी, राजगिऱ्याचे लाडू, उकडलेली रताळी, आणि सईच्या पेजेसाठी तांदळाची भाजून केलेली पिठी. लोणीहून माझी आई आली होती. तिनं सईच्या कपाळाला काजळ लावलं आणि म्हणाली, "विमानात खिडकीपाशी बसवू नको लेकराला, वारं लागतंय." मी हो म्हणाले. मलाही तेव्हा तसंच वाटत होतं.

मुंबई ते लंडन

विमान म्हणजे लांबलचक एस.टी.च, फक्त कंडक्टर गोऱ्या. आम्हाला सगळ्यात पुढची भिंतीसमोरची जागा मिळाली, कारण त्या भिंतीला लहान मुलांचा पाळणा अडकवतात. पट्टा कसा लावायचा ते कळेना. लागला तर सुटेना. विमान पळायला लागलं तसं मी डोळे मिटून अथर्वशीर्ष सुरू केलं, अर्ध्यात विसरले, परत पहिल्यापासून, असं तीनदा झालं तोवर आम्ही ढगात.

शेजारी एक काकू होत्या, कर्वेनगरच्या. बॉबकट, पायात बूट, मांडीवर शब्दकोडं. त्यांनी मान वर न करता विचारलं, "कुठं उतरणार?" जसं काही आम्ही पीएमटीच्या बसमध्ये बसलोय.

"शिकागो."

"लांब आहे. तुला पोचेपर्यंत पुण्यात उद्याची पहाट होईल."

"नाही हो काकू. आज संध्याकाळी सहाला पोचते मी."

त्यांनी कोडं खाली ठेवलं. "कुणी सांगितलं?"

"दिरांनी. बी.कॉम. आहेत ते."

"मग बरोबर. बी.कॉम.ला भूगोल नसतो."

समोर पडद्यावर नकाशा होता, त्यावर इवलंसं विमान मुंगीसारखं सरकत होतं, आणि खाली आकडे, किती किलोमीटर राहिले, किती तास राहिले. हजारांचे आकडे होते. पुणे-मुंबईचे किलोमीटर मला ठाऊक होते, तेवढ्यातही घाटात मला मळमळतं. काकूंनी बोटानं दाखवलं. "हे बघ. सूर्य पश्चिमेला चाललाय, आपणही पश्चिमेलाच. तो पुढं, आपण मागं. त्यामुळं आपल्याला संध्याकाळच होत नाही. सहाला पोचशील हे खरं, पण ते शिकागोचे सहा. पुण्यात तेव्हा पहाटेचे साडेचार. तुझा आजचा दिवस साडेचौतीस तासांचा आहे."

मला एवढंच सुचलं, "आणि चंद्र?"

"चंद्राचं काय?"

"तो कधी उगवणार?"

मग मी सगळं सांगितलं, नवस, एकविसावी, सगळं. अनोळखी बाईला कसं सांगितलं कोण जाणे. त्या ऐकून घेऊन म्हणाल्या, "तुझ्या शिकागोत उगवेल तेव्हा पुण्यातल्या लोकांचा दुसऱ्या दिवशीचा चहा झालेला असेल. तोपर्यंत काय खाणार?"

"खिचडी आहे ना," म्हणून मी पिशवी शोधायला वाकले, तर पायाशी पिशवीच नाही. वरच्या कप्प्यात नाही. पाळण्याखाली नाही. मग आठवलं. गाडीत सामान लावताना भावजी म्हणाले होते, एका हातात मूल, एका हातात पर्स, पिशवीसाठी तिसरा हात कुठून आणणार वहिनी. आणि मी आईच्या पाया पडत होते तेवढ्यात त्यांनी पिशवी मोठ्या बॅगेत कोंबली असणार. म्हणजे माझी खिचडी आणि सईची पेज माझ्याच पायाखाली, विमानाच्या पोटात, आणि आम्ही वर उपाशी.

काकू म्हणाल्या, "हुशार आहेत दीर."

थाळी आली. भात, छोले, पाव, एका कोपऱ्यात बटाटा. "बटाटा चालतो ना?" काकूंनी विचारलं. चालतो, पण कशात शिजवलाय, वर काय घातलंय. मी फक्त फळांची वाटी घेतली. चार फोडी टरबुजाच्या आणि दोन द्राक्षं. वाढणाऱ्या बाईला वाटलं मला आवडलं नाही, ती बिचारी परत परत येऊन विचारायची. आपल्याकडं पंगतीत आग्रह करतात तसंच की, फक्त ती वाकून नाही, हसून करत होती.

खाली डोंगर दिसत होते, झाड नाही, घर नाही, कणीक मळून उघडी राहिली की वर चिरा पडतात तसे. ऊन होतं. दुपार झाली, तरी दुपारच. झोप काढली, उठले, तरी दुपारच. सई आधी खेळली, मग कुरकुरायला लागली. वरचं दूध तिला चालत नाही, बाटली तोंडात धरत नाही. पेज नाही म्हणून मी सारखी अंगावर घेत होते, ओढणीखाली, आणि पलीकडचा गोरा माणूस आपणहून तोंड फिरवून बसला होता, त्याचं मला फार बरं वाटलं. पण लंडन यायच्या आत माझं दूध कमी पडायला लागलं. ती ओढायची, सोडायची, माझ्याकडं बघायची, परत ओढायची.

काकूंनी पर्समधून लोणावळ्याची चिक्की काढली, लेकासाठी नेत होत्या, डबा फोडून अर्धी मला दिली. "शेंगदाणे-गूळ आहे, तुझ्या गणपतीला विचारायची गरज नाही."

लंडन

लंडनमध्ये मी लंडन बघितलं नाही. एक सरकता जिना बघितला. तो खालून वर वाहत होता आणि लोक त्यावर नुसते उभे होते, पेपर वाचत. मी सईला घट्ट धरून बाजूला थांबले. मागे रांग लागली, पण कुणी ढकललं नाही, कुणी "ओ ताई, सरका" म्हणालं नाही. त्यामुळं मला जास्तच मेल्यासारखं झालं. काकू वरून परत खाली आल्या. "पाय उचल आणि ठेव. चावत नाही तो."

वर पोचल्यावर त्यांनी मला पुढच्या विमानाच्या दारापाशी नेऊन बसवलं. त्यांचा मुलगा बाहेर थांबला होता, त्यांना जायचं होतं. सई तेव्हा रडून रडून लाल झाली होती. काकूंनी तिला घेतलं, थोपटलं, आणि माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "एक विचारू? नवस कुणासाठी केलास?"

"हिच्यासाठी."

"आणि आत्ता उपाशी कोण आहे?"

त्यांनी सईला माझ्या मांडीवर ठेवलं आणि बुटांचा आवाज करत निघून गेल्या. मी त्यांचं नावसुद्धा विचारलं नाही.

पाण्यावर

दुसरं विमान सुटलं तेव्हा लंडनमध्ये दुपारचे तीन वाजले होते. माझ्या हातातलं घड्याळ लग्नातलं, ते मी बदललंच नव्हतं, कसं बदलायचं आणि कितीवर हेच कळत नव्हतं. ते आपलं पुण्याचं चाललं होतं. बाहेर लख्ख ऊन, खाली पाणी, पाण्यावर पिंजलेल्या कापसासारखे ढग. घड्याळात बघते तर साडेआठला पाच-दहा मिनिटं कमी.

आणि मला एकदम आमची गच्ची दिसली. सासूबाई तांब्या, फूल, हळदीकुंकू घेऊन वर गेल्या असतील. त्यांना जिना चढताना गुडघा धरावा लागतो. टाक्यांच्या वरून चंद्र यायला वेळ लागतो, तेवढा वेळ त्या कठड्याला टेकून थांबतात आणि खालच्या कुणाशी तरी भांडून घेतात. आता आला असेल. मी विचार केला, नवस मी सारसबागेत बोलले. कॅलेंडर पुण्याचं. एकविसातल्या वीस तिथंच झाल्या. मग माझा चंद्र कुठला? शिकागोचा चंद्र मला ओळखत तरी होता का?

हे सगळं मी आत्ता नीट लिहिते आहे. तेव्हा मी नुसती घड्याळ बघत होते आणि सई रडत होती. खरं सांगायचं तर तिचं रडणं बारीक झालं होतं, आणि मोठ्यानं रडत होती तोवर मला एवढी भीती वाटली नव्हती.

मी बटण दाबलं. बाई आली. मी तोंडाकडं हात नेऊन दाखवलं, जेवण. तिनं "वेज?" विचारलं, मी मान हलवली. थाळी आली. मी थाळीभोवती पाणी फिरवलं, सगळं त्या कागदाच्या रुमालावर सांडलं. मग नैवेद्य दाखवायचा तर पुणे कुठं? पुणे मागं. म्हणून मी सईला कडेवर घेऊन उभी राहिले, विमानाच्या शेपटीकडं तोंड केलं, डोळे मिटले आणि हात जोडले, जेवढे एका कडेवर मूल घेऊन जोडता येतात तेवढे. मनात म्हणाले, देवा, आमच्या गच्चीवर आलायस ना, मग झालं.

डोळे उघडले तर मागच्या रांगेतला टोपीवाला म्हातारा, लालबुंद, ढेरपोट्या, त्यानंही दोन्ही हात जोडले होते आणि माझ्याकडं बघून मान लववत होता. त्याच्या बायकोनंही जोडले. मला वाटतं त्यांना वाटलं आमच्याकडं जेवायच्या आधी मागच्या लोकांना नमस्कार करतात. मी परत एकदा केला. काय करणार.

मग मी जेवले. भात, वाटाण्याची आळणी भाजी, पाव, लोणी, सगळं. पाव कधी मला एवढा गोड लागला नव्हता. दोन पेले दूध मागून प्यायले. हळूहळू सईचं पोट भरलं, ती छातीवरच झोपली, तोंड उघडं टाकून.

पण जेवल्यावर भीती गेली असं नाही. उलट आता ती रिकामी बसली होती. विमान जरा हललं की मी म्हणायची, आला राग देवाला. एकदा तर पंधरा मिनिटं सारखं हादरलं, सगळ्यांना पट्टे लावायला सांगितले, आणि मी सईच्या कानात म्हणत होते, हिचं काही नाही देवा, माझं काय ते बघ. मागचा म्हातारा घोरत होता. ते ऐकून मला धीर आला. एवढा नमस्कार करणारा माणूस घोरतोय म्हणजे विमान पडत नसणार.

शेवटी जमीन आली, आणि तिच्यावर तळीच तळी, पत्र्यावर पाऊस पडून थांबला की थेंब राहतात तशी. मग परत समुद्र. मी घाबरले, आता आणखी कुठला समुद्र. पुढं यांनी सांगितलं तो समुद्र नाही, शिकागोचं तळं आहे. आमच्या कात्रजच्या तळ्याला मग काय म्हणायचं.

शिकागो

हे दारात उभे होते. वाळले होते. सईला पुढं केलं तर तिनं यांच्याकडं नीट बघून घेतलं, मग यांचा चष्मा काढला आणि चाटला. यांनी तो तसाच परत लावला.

घरी जाताना रस्त्यावर एक माणूस चालत नाही, एक हॉर्न नाही. मला वाटलं कुणी मोठा माणूस गेला की काय. यांच्या घरात पोचून बॅग उघडली तर वरच पिशवी, खिचडीचा दगड झालेला. हे तीच गरम करून खायला लागले. मग म्हणाले, "आईला फोन लावू."

मी म्हटलं, "थांबा." आणि सांगितलं.

यांनी चमचा खाली ठेवला. "आईला सांगू नकोस."

"खोटं बोलू?"

"बोलू नकोस. फक्त सांगू नकोस."

तेवढ्यात खिडकीतून बघते तर खालच्या गाड्यांच्या वर चंद्र आला होता. आपल्यासारखाच, एका बाजूनं झिजलेला. सकाळपासून मी ज्याची वाट बघितली तो हा, आणि मला त्याच्याकडं बघायची लाज वाटत होती. मी म्हणाले, लावा फोन.

एक रिंग पूर्ण वाजली नाही तोच सासूबाईंचा आवाज. "पोचलीस?"

"हो आई."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मागून भावजींचा, "वहिनीच आहेत का? नीट विचार." सासूबाई म्हणाल्या, "काल सहाला पोचणार होतीस तू."

"आई, इथं अजून कालच चालू आहे."

"काय बोलतेस? इथं उजाडलंय. सहाला फोन नाही, सातला नाही. आपल्या फोनवरून अमेरिका लागत नाही, संदीप मुंबईला फोन करतोय, तिथं कुणी धड सांगत नाही. आख्खी रात्र आम्ही फोनपाशी."

तेव्हा मला कळलं. आम्ही सगळ्यांनी मिळून अकरा तास मोजले होते, आणि मी ती चूक विमानात बसून दुरुस्त करून घेतली, पण घरी ती तशीच राहिली होती. पुण्यात सहा वाजल्यापासून त्यांची सून आणि नात कुठंच नव्हती.

"सई कशी आहे?"

"झोपलीय. छान आहे."

"तू जेवलीस का?"

हे समोरून हात हलवून नको नको करत होते. मी म्हणाले, "जेवले आई. साडेआठला. पुण्याच्या साडेआठला. विमानात. चंद्र नव्हता, ऊन होतं. पिशवी बॅगेत गेली होती, मला दूध येईना, सई रडून रडून थकली, म्हणून मी पुण्याकडं तोंड करून हात जोडले आणि जेवले. मोडली का ती?"

एका श्वासात बोलून मी डोळे मिटले.

"साडेआठला?" सासूबाई म्हणाल्या.

"हो."

"मी होते तेव्हा गच्चीवर. चंद्र स्वच्छ होता. तुझ्या नावानंही पाणी सोडलं. खाली आले, ताट वाढलं, आणि झाकून ठेवलं."

"का?"

"का म्हणजे? तुझा फोन नाही, पोर कुठं आहे माहीत नाही, आणि मी मोदक गिळू?"

"आई, म्हणजे तुम्ही अजून..."

"म्हणजे चंद्र मी बघितला आणि जेवलीस तू. घरातली एक संकष्टी घरातल्यांनी मिळून पुरी केली. गणपतीला हिशेब कळतो, तो बी.कॉम. नाही." मागं भावजी काहीतरी म्हणाले, त्यांना "तू गप्प बस" मिळालं. मग मला म्हणाल्या, "मी दोन घास खाऊन घेते. फोन ठेवू नकोस. तू आहेस तिथं हे मला कळू दे."

रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग ताटावरचं झाकण. मग पाट ओढल्याचा. मग काहीच नाही, आणि मग त्यांचं बारीक चावणं, कवळी आहे त्यांना, ती वाजते.

मी फोन कानाला धरून उभीच होते. हे खुणेनं घड्याळ दाखवत म्हणाले, "बोल ना काहीतरी, फोनचं कार्ड संपत आलंय."

"हळू बोला," मी म्हणाले. "आई जेवतायत."